अपत्याचा ताबा आणि अपत्याचे हित

पति-पत्नीचे पटेनासे होऊन दोघे विभक्त राहू लागले, की दागिने, भांडीकुंडी व शेतजमीन यांबरोबर आणखी एक प्रश्न उभा राहतो. मूल कोणाजवळ राहावे, हा तो प्रश्न होय. नांदेड-लातूर भागातील खेड्यापाड्यांतून या प्रश्नाचा निकाल पुष्कळदा गावच्या बैठकीत लावला जातो. स्टँप पेपरवर फारकत लिहिली जाते. 'मूल बापाचे' असे म्हणून ते आईकडून काढून घेतले जाते, किंवा पुढे खर्च मागणार नाही या अटीवर तिच्या पदरात टाकले जाते. दोन्ही प्रसंगी विचार होतो तो मोठ्यांच्या मानापमानाचा. कायद्याची भूमिका याहून अगदी निराळी आहे.

पालकत्व व ताबा

पालकत्व आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अज्ञान मुलाच्या वतीने कायदेशीर व्यवहार करण्याचा अधिकार म्हणजे पालकत्व, तर मुलाला प्रत्यक्ष जवळ ठेवून त्याचे संगोपन करणे म्हणजे ताबा. हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियमात पित्यास व त्याच्यानंतर मातेस नैसर्गिक पालक म्हटले आहे. तथापि, पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः मातेकडे असावा, असेही त्याच कलमात नमूद आहे. मुस्लिम समाजातील हनफी परंपरेनुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत व मुलगी वयात येईपर्यंत संगोपनाचा अधिकार मातेस असतो.

'पित्यानंतर माता' याचा अर्थ पित्याच्या मृत्यूनंतरच, असा पूर्वी घेतला जाई. विदर्भातील एका शेतजमिनीच्या वादात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने वेगळी दिशा दाखविली. पिता हयात होता. परंतु तो अनेक वर्षे विभक्त राहत होता आणि मुलीचे सारे काही आईच पाहत होती. अशा स्थितीत आईच नैसर्गिक पालक ठरते, असे न्यायालयाने मानले. पुढे १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात, 'नंतर' म्हणजे पित्याच्या 'अनुपस्थितीत', असा अर्थ लावण्यात आला.

न्यायालय काय पाहते?

मुलाचे हित हीच सर्वोच्च कसोटी होय. १८९० च्या पालक आणि पाल्य अधिनियमानुसार मुलाचे वय, त्याचा धर्म, पालक होऊ इच्छिणाऱ्याचे चारित्र्य व क्षमता यांचा विचार होतो. मूल जाणते असेल तर त्याची इच्छाही लक्षात घेतली जाते. ज्याचे उत्पन्न अधिक त्याला मूल, असा हिशेब येथे नाही. आईवडिलांनी आपसात केलेला लेखही मुलाच्या हिताविरुद्ध असल्यास न्यायालयावर बंधनकारक ठरत नाही. परिस्थिती पालटल्यास ताब्याचा आदेशही बदलता येतो.

ज्याच्याकडे ताबा नाही त्याचे नाते तुटत नाही. ठरावीक दिवशी भेट, दिवाळी वा उन्हाळ्याच्या सुटीतील सहवास, दूरध्वनीवरील संभाषण अशी सोय न्यायालय करून देते. तद्वतच, ताबा नसलेल्या पित्याची निर्वाहखर्चाची जबाबदारीही संपत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली त्यासाठी अर्ज करता येतो.

अर्ज कोठे करावा?

समजा, मुखेड तालुक्यातील मुलगी उदगीरला दिलेली आहे. ती मुलासह माहेरी येऊन राहिली. अशा वेळी मूल सामान्यतः जेथे राहते, तेथील न्यायालयात पालकत्वाचा अर्ज चालतो. मूल परस्पर पळवून नेल्याने हा अधिकार बदलतो, असे समजू नये. १९८४ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेली कुटुंब न्यायालये नांदेड व लातूर येथे आहेत. त्यांच्या हद्दीबाहेरील गावांसाठी जिल्हा न्यायालयाकडे जावे. कुटुंब न्यायालयात प्रथम समेटाचा प्रयत्न होतो व त्यासाठी विवाह समुपदेशकांचे साहाय्य मिळते. खर्चाच्या भीतीने कोणी मागे राहण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रिया व बालके यांना, उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरेसा आहे.

गावपातळीवरील कर्तव्य

माहेरी आलेल्या आईजवळ पूर्वीच्या शाळेचा दाखला बहुधा नसतो. तो मिळण्यास उशीर झाला म्हणून पहिली ते आठवीपर्यंतच्या मुलास प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाचे बंधन आहे. मुख्याध्यापकांनी न्यायालयाचा आदेश असल्यास त्याची प्रत दप्तरी ठेवावी व त्याप्रमाणे वागावे. शाळेच्या फाटकाशी मुलाची ओढाताण होऊ देऊ नये. पंचायत सदस्यांनी समेटासाठी जरूर खटपट करावी; मात्र मुलाच्या ताब्याचा निवाडा स्वतः करू नये, तर दोन्ही पक्षांना न्यायालयाची वाट दाखवावी.

नवरा-बायकोचा संसार मोडू शकतो. मुलाचे आई आणि बाप मात्र कायमच राहतात. दोघांच्या भांडणात त्याची शाळा, त्याचे जेवण आणि त्याची झोप सुरक्षित राहावी, एवढ्यासाठीच हा कायदा आहे. तो गावोगावी माहीत झाला, तर अनेक मुलांचे बालपण वाचेल.