सुटे भाग आणि गाडी : घरी बांधलेल्या मोटारीविषयी एक भाषिक टिपण

इंग्लंडात सुट्या भागांचा संच विकत घेऊन घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी मोटारगाडी तयार करण्याची प्रथा सत्तरांहून अधिक वर्षे चालत आली आहे. अशा गाडीस तेथे ‘किट कार’ म्हणतात. हौशी माणसाचा एक छंद यापलीकडे या प्रथेकडे सहसा कोणी पाहत नाही. तथापि अवयव आणि अवयवी यांचा संबंध काय, हा जो प्रश्न वैयाकरणांना व दार्शनिकांना शतकानुशतके पडत आला आहे, तोच येथे पाना हाती घेतलेल्या गृहस्थापुढे, करवसुली करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे आणि वाहन-नोंदणीच्या कारकुनापुढे उभा राहतो. सुट्या भागांना ‘गाडी’ हे नाव केव्हा लागू होते? प्रस्तुत लेखात या प्रथेची माहिती देऊन, भाषेच्या अभ्यासकास तीतून काय शिकता येईल ते पाहावयाचे आहे.

१. जोडणे, जुळवणे, बांधणे

प्रारंभीच शब्दांचा थोडा विचार करणे इष्ट होईल. मराठीत या कामासाठी तीन क्रियापदे सहज सुचतात. ‘जोडणे’ म्हणजे दोन वस्तू एकमेकींस लावणे. त्यात संबंध आहे, पण तो कोणत्याही दोन वस्तूंचा असू शकतो. ‘जुळवणे’ या शब्दात त्या वस्तू एकमेकींस अनुरूप असाव्यात अशी अपेक्षा आहे. पत्रिका जुळतात, यमके जुळतात. ‘बांधणे’ यात मात्र पूर्वी नसलेली, स्वतंत्र नावाची वस्तू अस्तित्वात येते. घर बांधतात, होडी बांधतात. गॅरेजमधील गृहस्थ काय करतो? पहिल्या दिवशी तो जोडतो, मधल्या काळात जुळवतो, आणि काम पुरे झाल्यावर ‘मी गाडी बांधली’ असे म्हणतो. हा शेवटचा शब्द वापरण्याचा अधिकार त्यास केव्हा व कशाने प्राप्त होतो, हाच आपला विषय आहे.

२. कर चुकविणारे व्याकरण

ही प्रथा वाढीस लागण्याचे एक मुख्य कारण हौस नसून कर हे होते. ब्रिटनमध्ये १९४० साली खरेदी-कर सुरू झाला. १९५० ते १९६० या दशकात नव्या मोटारीवरील हा कर घाऊक किमतीच्या निम्म्याइतका, काही वर्षे त्याहूनही अधिक होता. मात्र हा कर तयार गाडीवर होता. सुट्या भागांच्या संचावर तो द्यावा लागत नसे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ही सवलत हेरली. १९५७ साली लोकांपुढे आलेली ‘लोटस सेव्हन’ ही हलकी, दोन आसनांची, उघडी गाडी प्रामुख्याने संचरूपाने विकली गेली आणि या प्रकाराचा आदर्श ठरली.

येथे एक भाषिक गंमत घडली. संचाबरोबर जोडणीच्या सूचना देता येणार नाहीत, अशी करनियमांत अट होती. कारण भाग आणि सूचना एकत्र आल्या की ती जवळजवळ गाडीच झाली, असा त्यामागील विचार दिसतो. परंतु गाडी सुटी कशी करावी हे सांगण्यास नियमांत मनाई नव्हती. म्हणून संचासोबत विघटनाच्या सूचना दिल्या जात, आणि ग्राहकाने त्या शेवटापासून आरंभाकडे वाचावयाच्या, अशी योजना झाली. १९७३ साली खरेदी-कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ही पळवाट निरुपयोगी झाली. त्याच वर्षी ‘सेव्हन’चे हक्क केटरहॅम या संस्थेकडे गेले; ती गाडी त्या नावाने आजही संचरूपात मिळते.

भाषेच्या अभ्यासकास या प्रसंगाचे विशेष महत्त्व आहे. ‘व्याकरण’ या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थच मुळी ‘वेगळे वेगळे करणे’ असा आहे. ऋग्वेदाच्या संहितापाठावरून शाकल्याने पदपाठ केला, तो अखंड पाठाचा पदच्छेदच होय. तेव्हा व्याकरण ही एका अर्थी विघटनाची पुस्तिका आहे आणि ती उलट वाचली म्हणजे भाषा बोलता यावी, अशी आपली एक सुप्त समजूत असते. ती कितपत खरी आहे, हे गॅरेजमध्ये पडताळून पाहता येते.

३. उलट वाचलेली सूचना

सामान्यतः काम असे चालते. प्रथम चौकट, म्हणजे चॅसी, भक्कम स्टँडांवर ठेवतात. मग पुढचे सस्पेन्शन, स्टिअरिंग, मागचा आस व डिफरन्शियल बसवितात. ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्या आणि वायरिंग यांना जागा मोकळी आहे तोवरच त्यांचा मार्ग ठरवून घेतात. एंजिन व गिअरबॉक्स बाहेरच एकमेकांस जोडून, साखळीच्या कप्पीने उचलून, तिरपे करून आत उतरवितात. त्यानंतर रेडिएटर, एक्झॉस्ट, दिवे, आसने आणि शेवटी चाकांवरची पंखे ही क्रमाने येतात. या क्रमापुरते पाहिले, तर विघटनाची यादी उलटी वाचून बरेच काम भागते. जे शेवटी निघते ते आधी बसते, हे खरेच आहे.

परंतु काही गोष्टी उलट वाचनाने कळत नाहीत. त्यांपैकी चार येथे नमूद करतो.

पहिली गोष्ट मापाची. ‘नट काढा’ या सूचनेत तो किती जोराने आवळलेला होता हे येत नाही. बसविताना मात्र तेच मुख्य असते. शिवाय सिलिंडर-हेडचे बोल्ट एकदम न आवळता मध्यापासून कडांकडे, टप्प्याटप्प्याने आवळावे लागतात. चाकांचे नट समोरासमोरचे घ्यावे लागतात.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. सस्पेन्शनच्या सांध्यांत रबरी बुश असतात. गाडी स्टँडवर असताना, चाके लोंबकळत असताना, हे बोल्ट पूर्ण आवळले, तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडले जाते आणि गाडी जमिनीवर आल्यावर त्यास कायमचा पीळ बसतो. म्हणून ते आधी सैल ठेवून, गाडी स्वतःच्या वजनासह चाकांवर उभी राहिल्यावर शेवटचे आवळतात. म्हणजे त्या भागाची नेमकी स्थिती तो भाग बसविताना निश्चित होतच नाही. संपूर्ण गाडीचा भार आल्यावर ती निश्चित होते. शब्दाचा अर्थ वाक्यात पडल्यावरच स्थिर होतो, असे आपण म्हणतो तेव्हा याहून वेगळे काय सांगत असतो?

तिसरी गोष्ट हवेची. गाडी सुटी करताना ब्रेकच्या नळीतून द्रव बाहेर जातो आणि हवा आत शिरते, पण हवा हा कोणत्याही यादीतील भाग नव्हे. नळ्या जोडल्या, द्रव भरला, तरी हवा काढल्याशिवाय पायाखालचा ब्रेक मऊच राहतो; कारण द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते. यादीतील सर्व भाग जागच्या जागी असूनही ब्रेक लागत नाही, असा हा प्रकार आहे.

चौथी गोष्ट अध्याहाराची. पोलादी अंगाच्या गाडीत दिव्याकडे जाणारी एक तार पुरते. विजेच्या परतीची वाट गाडीच्या अंगातूनच असते. ती कोणी दाखवीत नाही, कारण ती गृहीत आहे. संचातील गाडीचे अंग पुष्कळदा फायबरग्लासचे असते आणि त्यातून वीज वाहत नाही. तेथे प्रत्येक दिव्यास परतीची स्वतंत्र तार द्यावी लागते. एंजिनही रबरी आधारांवर बसलेले असल्यामुळे त्यास चॅसीशी जोडणारा जाड पट्टा विसरला तर स्टार्टर फिरत नाही. एका भाषेत जे अध्याहृत चालते ते दुसरीत उच्चारावेच लागते, हा अनुभव भाषांतरकारांस नवा नाही.

४. संचाशिवाय संच

संचदेखील विकत न घेता गाडी बांधणारे लोक आहेत. १९९६ साली रॉन चॅम्पियन या इंग्रज शिक्षकांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. केवळ २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधता येईल, असे आश्वासन त्याच्या नावातच होते. सुमारे २५ मिलिमीटर रुंदीच्या चौकोनी पोलादी नळ्या कापून, वेल्डिंगने जोडून ‘सेव्हन’च्या धर्तीची चौकट करावयाची, आणि एंजिन, गिअरबॉक्स, आस इत्यादी भाग जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून काढून घ्यावयाचे, अशी त्यातील पद्धत आहे. त्या जुन्या गाडीस इंग्रजीत ‘दाती’ या अर्थाचा शब्द आहे. एक गाडी मोडते आणि तिच्या भागांतून दुसरी उभी राहते. मग दुसरी ही पहिलीच की निराळी?

५. नाव कोणी द्यावयाचे

हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला आहे. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात नागसेन हा भिक्षू मिलिंद राजास त्याच्या रथाविषयी विचारतो : दांडी म्हणजे रथ काय? आस? चाके? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. आणि या भागांच्या आश्रयाने ‘रथ’ हे केवळ व्यवहारातील नाव पडले आहे, असा निष्कर्ष निघतो. याउलट नैयायिकांच्या मते अवयवी हा अवयवांहून भिन्न असा खराच पदार्थ आहे.

ब्रिटिश वाहन-नोंदणी खात्याने या वादात न शिरता गुण देण्याची पद्धत काढली. मुळापासून बदललेल्या गाडीस तिचा जुना नोंदणी-क्रमांक राखावयाचा असल्यास आठ गुण मिळवावे लागत. चॅसीस पाच, सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स व स्टिअरिंग यांस प्रत्येकी दोन, आणि एंजिनास केवळ एक, असा हिशेब कित्येक वर्षे चालला. लोक ज्यास गाडीचे काळीज समजतात त्यास कायद्याने सर्वांत कमी मोल दिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. संचातून बांधलेल्या गाडीचा नियम वेगळा होता : नव्या चॅसीवर एकाच जुन्या गाडीतील किमान दोन प्रमुख भाग असतील तर त्या जुन्या गाडीच्या वयास अनुसरून क्रमांक मिळे, वय ठरविता येत नसेल तर क्रमांकाच्या आरंभी ‘क्यू’ हे अक्षर लागे. ज्याची व्युत्पत्ती लागत नाही अशा शब्दापुढे कोशकार प्रश्नचिन्ह घालतो, त्यातलाच हा प्रकार.

वंशनिश्चितीनंतर परीक्षा असते. अशा एकेकट्या गाडीची तपासणी १९९८ पासून लागू झाली आणि २००९ साली तिची जागा अधिक कडक तपासणीने घेतली. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, वेगमापक यांबरोबर बाहेरच्या कडांची गोलाई किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची आहे की नाही हेही पाहतात. कारण त्या कडेवर उद्या एखादा पादचारी आपटू शकतो. बांधणाऱ्याचे नाव देणे पुरेसे नाही; ज्यांच्या रस्त्यावर ती धावणार त्यांनीही तीस गाडी म्हणावे लागते.

आपल्या देशाशी या विषयाचा संबंध थोडा निराळा आहे. सुट्या अवस्थेत आलेल्या परदेशी गाड्या जुळविण्याचे काम मुंबईस शिवडी येथे जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९२८ सालीच सुरू झाले होते. पण ते कारखान्याचे काम, घरचे नव्हे. घरी बांधलेल्या गाडीस रस्त्यावर आणण्याची ब्रिटनसारखी रुळलेली वाट आपल्याकडे नाही. २०२१ च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातील एका कारागिराने भंगारातील भागांतून छोटी जीप तयार केली, तिचे सर्वत्र कौतुक झाले. परंतु ती नियमांत बसत नाही हेही त्याच वेळी बोलले गेले. कौशल्य होते, वस्तू होती, चालतही होती. तिला मान्य नाव देणारी परीक्षा तेवढी नव्हती.

६. उपसंहार

या विवेचनातून भाषेच्या अध्यापनासंबंधी एक गोष्ट निघते. परभाषक विद्यार्थ्यास मराठी शिकविताना आपण बहुधा विघटनाची पुस्तिका त्याच्या हाती देतो. ‘पाण्यात’ याची फोड ‘पाणी’ आणि ‘त’ अशी करून दाखवितो आणि ती उलट वाचावयास सांगतो. तो प्रामाणिकपणे उलट वाचतो व ‘पाणीत’ म्हणतो. चूक त्याची नाही. ‘पाण्या’ हे सामान्यरूप कधी एकटे उभे राहत नाही. ते केवळ जोडणीसाठीच अस्तित्वात असते, आणि म्हणून सुट्या भागांच्या यादीत ते दिसत नाही. भाग किती, याबरोबरच कोणता बोल्ट केव्हापर्यंत सैल ठेवावा, कोठली हवा काढावी, काय गृहीत आहे आणि काय उच्चारले पाहिजे, हे शिकविल्याखेरीज बोलणारा तयार होत नाही.

गॅरेजमधील गृहस्थास हे लवकर कळते, कारण त्याच्या चुकीची किंमत मोठी असते. वाक्य चुकले तर ऐकणारा हसतो आणि समजून घेतो. ब्रेक चुकला तर समजून घेणारे कोणी नसते. म्हणूनच तो यादी संपली म्हणून थांबत नाही. गाडी जमिनीवर उतरवितो, तिचा भार तिच्यावर येऊ देतो, आणि मग पाना घेऊन पुन्हा एकदा खाली शिरतो.