कुणी ‘थँक्यू’ म्हटलं, तर मराठीत काय म्हणायचं?

बसमध्ये कुणी बसायला जागा दिली, दवाखान्यात कुणी रांगेत नंबर धरून ठेवला, की ‘थँक्यू’ आता उमरीसारख्या गावातही सहज तोंडी येतं. अडतं ते पुढे. ऐकणारा नुसती मान हलवतो, नाहीतर ‘वेलकम’ म्हणून मोकळा होतो. मराठीत याला उत्तरच नाही का? आहे, आणि एक नाही, अनेक आहेत. फक्त कुठलं कुठे वापरायचं, ते पाहू.

‘आपले स्वागत आहे’ का खटकतं?

हे इंग्रजी उत्तराचं शब्दशः भाषांतर आहे. मराठीत ‘स्वागत’ म्हणजे सु + आगत, अर्थात ‘आलात, बरं झालं’. ते दारात आलेल्या पाहुण्याचं होतं, आभार मानणाऱ्याचं नाही.

आभारातला ‘भार’

‘धन्यवाद’ म्हणजे समोरच्याला धन्य म्हणणं, त्याचं कौतुक करणं. ‘आभार’ या शब्दात मात्र ‘भार’ आहे. उपकाराचं ओझं होतं, असं आपण म्हणतो ते त्यामुळेच. ‘आभार मानून मोकळा होणार नाही, ऋणातच राहीन’ हे वाक्य तर सभा-समारंभात ठरलेलंच!

म्हणून मराठी उत्तराचं मुख्य काम समोरच्याचं ओझं हलकं करणं हे आहे. ‘त्यात काय एवढं’, ‘असू द्या’, ‘आभार कसले मानता’, ‘लाजवता का राव’ ही सगळी त्याचीच रूपं.

शेजारच्या भाषांतही तेच

उमरीहून रेल्वे धर्माबादमार्गे तेलंगणात शिरते. तिकडे तेलुगूत ‘पर्वालेदु’ म्हणतात. देगलूर, उदगीरकडून कर्नाटकात गेलात, तर कन्नडमध्ये ‘परवागिल्ला’ ऐकू येतं. दोन्हींत आपल्याच ओळखीचा, मूळचा फारसी ‘पर्वा’ हा शब्द आहे. अर्थ एकच : काही हरकत नाही. मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. इथल्या उर्दू-दखनीतलं ‘कोई बात नहीं’देखील याच घरातलं.

शेतात तर शब्दही लागत नाहीत. सावड किंवा वारंगुळ्यात आज तुम्ही माझ्या रानात राबलात, उद्या मी तुमच्या रानात येतो. तिथे आभाराला उत्तर एकच : ‘मग उद्या आमच्याकडं या.’

कुणाला काय म्हणाल?

- मित्र, भावकी : ‘घरच्यांचे कुठं आभार मानतात का?’
- वयाने मोठे : ‘असं म्हणू नका काका, माझं कामच आहे.’
- लहान मुलं : ‘शाब्बास! सुखी राहा.’
- अनोळखी माणूस : ‘काही हरकत नाही’ किंवा ‘असू द्या’.
- दुकानात गिऱ्हाईक : ‘या पुन्हा.’
- कार्यालयात, बँकेत : ‘आमचं कामच आहे. आणखी काही अडचण आली तर सांगा.’
- व्हॉट्सअ‍ॅपवर, कामाच्या ग्रुपवर : ‘उपयोग झाला, आनंद वाटला.’ एवढं पुरे.

कार्यालयातलं उत्तर विशेष महत्त्वाचं. सातबारा किंवा दाखला मिळाला म्हणून हात जोडणाऱ्याला ‘आमचं कामच आहे’ असं ऐकायला मिळालं, तर आपण मेहरबानी नाही, हक्काची गोष्ट घेतली हे त्याला कळतं.

‘त्यात काय एवढं’ कुठे म्हणू नये?

मदत मोठी असेल तिथे. रात्री गाडी काढून तुम्ही एखाद्याच्या आईला नांदेडला दवाखान्यात पोहोचवलंत, वेळेला रक्त दिलंत. तो माणूस भरल्या डोळ्यांनी आभार मानत असताना ‘त्यात काय एवढं’ म्हटलं, तर त्याच्यासाठी जे सर्वांत मोठं होतं, तेच किरकोळ ठरतं. तिथे त्याचं बोलणं पूर्ण ऐकून घ्या. मग म्हणा, ‘वेळेवर पोहोचलो, बरं झालं. आता कशी आहे तब्येत?’

आणखी दोन वाक्यं टाळा. ‘मी होतो म्हणून झालं’ आणि ‘आता माझंही एक काम करा.’ पहिल्याने ओझं वाढतं, दुसऱ्याने मदतीची उधारी होते.

काहीच सुचलं नाही, तर हात जोडून ‘असू द्या’ म्हणा. उमरीत काय, मुंबईत काय, ते कुठेही चालतं.