बसची पायरी

खेड्यातल्या माणसाचे शहरात काय काम, असे पूर्वी लोक म्हणत. आज तसे म्हणता येत नाही. कोणाचा मुलगा मुंबईत नोकरीला असतो. कोणाची लेक पुण्याला दिलेली असते. दुखणे वाढले की तालुक्याचा डॉक्टर चिठ्ठी देतो, आणि शहरातल्या मोठ्या इस्पितळाची वाट धरावी लागते. एसटी किंवा आगगाडी आपल्याला शहराच्या वेशीपर्यंत नेते. पण तिथून इस्पितळापर्यंतचे चार-पाच मैल उरतातच. रिक्षा-टॅक्सी खिशाला परवडत नाही. चालत जावे, तर आजारी माणसाच्या अंगात त्राण नसते. तेव्हा गरिबाचे वाहन एकच. ते म्हणजे शहराची बस.

ही बस वेळेवर यावी, तिच्यात सर्वांना चढता यावे, यासाठी काय काय करावे लागते, ते या पाठात पाहू.

बस कोणाची?

मुंबईत ९ मे १८७४ रोजी ट्रामगाड्या सुरू झाल्या. त्या घोडे ओढीत. पुढे १९०७ साली विजेची ट्राम आली. १५ जुलै १९२६ रोजी पहिली बस धावली. ती अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत जाई. तेव्हा हा सारा कारभार एका खाजगी कंपनीकडे होता. ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महापालिकेने तो आपल्या ताब्यात घेतला. तिलाच लोक 'बेस्ट' म्हणतात. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये बससेवा निरनिराळ्या होत्या. २००७ साली त्या एक झाल्या.

म्हणजे शहराची बस ही कोणा सावकाराची मालमत्ता नव्हे. ती लोकांची आहे. गावची विहीर जशी सगळ्यांची, तशीच ती. म्हणून ती नीट चालते की नाही, हे विचारायचा हक्कही आपल्याला आहे.

उशीर का होतो?

थांब्यावर उभे राहिले की एक गंमत दिसते. अर्धा तास बस येत नाही. मग एकदम दोन येतात, एकीमागे एक. पहिली खच्चून भरलेली, दुसरी मोकळी. लोक म्हणतात, "ड्रायव्हर मुद्दाम करतात." बहुतेक वेळा तसे नसते.

गावात पाण्याचा टँकर येतो, ते आठवा. टँकर वेळेवर आला तर वीस घागरी असतात. झटपट भरून होतात. उशिरा आला तर चाळीस घागरी मांडलेल्या असतात. त्या भरायला दुप्पट वेळ लागतो. म्हणून पुढच्या वाडीला तो आणखी उशिरा पोचतो. तिथे तर घागरींची रांगच रांग!

बसचेही असेच होते. एक बस वाहतुकीत पाच मिनिटे अडकली. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर माणसे वाढली. ती चढायला जास्त वेळ लागला. बस आणखी मागे पडली. तिच्या मागच्या बसला मात्र थांब्यावर माणसेच मिळत नाहीत. ती भराभर येते आणि पहिलीला गाठते. थोडक्यात काय, तर बसचा पुष्कळ वेळ माणसे चढता-उतरताना जातो.

पायरीचे गणित

आता बसच्या पायरीकडे पहा. काही बसची आतली जमीन रस्त्यापासून सुमारे ९० सेंटिमीटर उंच असते. म्हणजे चांगली दोन हात. काहींची ६५ सेंटिमीटर, म्हणजे दीड हाताच्या आसपास. आणि काही बस अशा असतात, की त्यांची जमीन सुमारे ४० सेंटिमीटरवर असते. म्हणजे एका हाताहूनही कमी. या शेवटच्या बसला दाराशी पायऱ्याच नसतात. एक पाऊल टाकले की माणूस आत. काही बसना दाराशी दुमडलेली फळी असते. ती उलगडली की उतार तयार होतो. त्यावरून चाकांची खुर्ची सरळ आत जाते. या फळीला रॅम्प म्हणतात.

कोणी विचारील, "अहो गुरुजी, चाकांच्या खुर्चीतली माणसे अशी कितीशी असतात? त्यांच्यासाठी एवढा खर्च कशाला?"

प्रश्न ठीक आहे. त्याचे उत्तरही सरळ आहे. उंच पायरी कोणाकोणाला अडवते, ते बोटांवर मोजा. गुडघे धरलेली आजीबाई. दिवस गेलेली बाई. कडेवर पोर आणि हातात पिशवी असलेली आई. पाय प्लास्टरमध्ये असलेला मजूर. डोळ्यांनी कमी दिसणारा म्हातारा. डोक्यावर भाजीची पाटी असलेली बाई. मोजता मोजता दोन्ही हातांची बोटे संपतात. आणि आज धडधाकट असलेला माणूस उद्या म्हातारा व्हायचाच असतो.

आता दुसरी बाजू. जोडीतला एक बैल अडखळला, की गाडी त्याच्याच चालीने चालते. दांडीला धरून एक आजीबाई कशीबशी चढत असते, तोवर मागची वीस माणसे खोळंबतात. पुढे बसलेली चाळीस माणसेही खोळंबतात. आपण हिशेब करू. समजा, एका मार्गावर ३० थांबे आहेत. दर थांब्यावर पायरीपायी २० सेकंद जास्त गेले. ३० गुणिले २० म्हणजे ६०० सेकंद. म्हणजे १० मिनिटे. अशा आठ फेऱ्या केल्या, तर ८० मिनिटे गेली. तासाभराचा मार्ग असेल, तर दिवसाची एक आख्खी फेरी बुडाली! उलट पायरी खाली आणली, तर नवी गाडी न घेताही ती फेरी परत मिळेल.

म्हणजे अधू माणसासाठी केलेली सोय ही उपकार नव्हे. तिच्यामुळे सर्वांचाच वेळ वाचतो. या पाठातली मुख्य गोष्ट हीच आहे.

तिकीट आधी, बस नंतर

शाळेत मी नेहमी पाहत असे. घंटा झाली की सगळी मुले एकाच दाराकडे धावत. दारात चेंगराचेंगरी होई आणि कोणीच बाहेर पडत नसे. दोन्ही दारे उघडली, की दोन मिनिटांत वर्ग रिकामा.

अहमदाबादेने बसच्या बाबतीत अशीच युक्ती केली. तिथे ऑक्टोबर २००९ मध्ये 'जनमार्ग' नावाची बससेवा सुरू झाली. रस्त्याच्या मधोमध बससाठी वेगळा पट्टा राखला. थांब्यावर चौथरा बांधला. चौथऱ्याची उंची बसच्या जमिनीएवढी ठेवली. चौथऱ्यावर चढायला उतार केला. तिकीट थांब्यावरच घ्यायचे. बस आली की रुंद दारातून सरळ आत जायचे. पायरी नाही आणि दाराशी सुट्ट्या पैशांचा घोळही नाही.

पुण्यात याआधीच, २००६ साली, कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर बससाठी वेगळा पट्टा केला होता. पण त्या पट्ट्यात मोटारी आणि दुचाक्या घुसू लागल्या. मग पट्टा असून नसल्यासारखा झाला. शेताला कुंपण घातले, तरी ते राखावे लागते. तसेच हे आहे.

वेगळा पट्टा का द्यायचा, याचाही हिशेब पहा. बसमध्ये ६० माणसे आहेत. तीच माणसे दोघे-दोघे अशी मोटारीने निघाली, तर ३० मोटारी लागतील. एका मोटारीला पुढची मोकळी जागा धरून २० फूट रस्ता लागतो. ३० मोटारींना ६०० फूट. आणि बसला? सुमारे ४० फूट. इतक्या थोड्या जागेत इतकी माणसे नेणाऱ्या गाडीला आधी वाट मिळावी, हे न्यायाचे आहे.

थांबा नीट हवा

बस चांगली असून भागत नाही. थांबाही चांगला हवा. फुटपाथ रस्त्यापासून साधारण वीतभर उंच असतो. बस फुटपाथला लागून उभी राहिली, तर पायरी तेवढीच कमी होते. पण थांब्यापुढे रिक्षा किंवा मोटारी उभ्या असल्या, तर बस भर रस्त्यात थांबते. मग उतारूंना रस्त्यात उतरून धावावे लागते. पायरी पुन्हा उंच होते, आणि मागून वाहन येण्याची भीती ती वेगळीच. म्हणून थांब्यापुढची जागा मोकळी राखणे, हे बिनखर्चाचे पण मोठे काम आहे.

थांब्यावर छप्पर हवे. बसायला बाक हवा. रात्री दिवा हवा, कारण अंधाऱ्या थांब्यावर बायाबापड्यांना उभे राहायला भय वाटते. कोणत्या नंबरची बस कुठे जाते, ते मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेले हवे. ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी बसमध्ये पुढच्या थांब्याचे नाव मोठ्याने सांगायची सोय हवी.

ही नुसती इच्छा नाही. कायदाच तसे सांगतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्याच्या ४१ व्या कलमात बसथांबे, तिकिटाची जागा आणि वाहने अपंगांना वापरता येतील अशी करावीत, असे सरकारला सांगितले आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट बजावली. असे नियम केवळ सल्ला म्हणून ठेवू नका, ते पाळणे सक्तीचे करा, असे न्यायालयाने सांगितले.

गाड्याच कमी असल्या तर?

पायरी खाली आली, थांबा सुधारला, पण गाडीच आली नाही तर काय उपयोग? २०१० च्या सुमारास 'बेस्ट'कडे ४,००० हून जास्त बस होत्या. २०२५ सालापर्यंत त्या ३,००० च्या आत आल्या. गाड्या घटल्या की वाट पाहणे वाढते. वाट पाहून कंटाळलेला माणूस कर्ज काढून दुचाकी घेतो. रस्त्यावर गर्दी वाढते. त्या गर्दीत बस आणखी रखडते. आणि ज्याला दुचाकी घेता येत नाही, तो थांब्यावर उभाच राहतो.

बस चालवायला पैसा लागतो, हे खरे. नुसत्या तिकिटावर तो भागत नाही. मुंबईत जुलै २०१९ मध्ये कमीत कमी भाडे ८ रुपयांवरून ५ रुपये केले होते. मे २०२५ मध्ये ते १० रुपये झाले. भाडे फार वाढवले तर गरीब माणूस पायी चालू लागतो. अजिबात वाढवले नाही, तर गाड्यांच्या दुरुस्तीला पैसा कमी पडतो. म्हणून रस्ते आणि दिवाबत्ती यांप्रमाणे बससाठीही नगराच्या तिजोरीतून रक्कम द्यावी लागते. बस हा तोट्याचा धंदा म्हणून पाहू नये. ती नगराची गरज आहे.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, वाचावे. आता आपल्याला अक्षरे येतात. बसच्या कपाळावरची पाटी आणि नंबर स्वतः वाचावा. खात्री नसेल तर कंडक्टरला विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट, भाड्याची सवलत नीट समजून घ्यावी. एसटीत १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट सुरू झाले. पण एसटी वेगळी आणि शहराची बस वेगळी. एसटीची सवलत शहराच्या बसला आपोआप लागू होत नाही. शहरात कोणाला किती सूट आहे, ते आधी विचारावे. वयाचा किंवा अपंगत्वाचा दाखला जवळ बाळगावा.

तिसरी गोष्ट, आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यावे, मग चढावे. सुटे पैसे हातात ठेवावेत. म्हाताऱ्यांच्या, अपंगांच्या आणि स्त्रियांच्या राखीव जागेवर इतरांनी बसू नये. बसलाच असाल, तर न सांगता उठावे.

चौथी गोष्ट, गैरसोय झाली तर भांडू नये. अर्ज लिहावा. अर्जात थांब्याचे नाव, बसचा नंबर, तारीख आणि वेळ लिहावी. काय घडले ते लिहावे. काय हवे तेही लिहावे. उदाहरणार्थ :

"व्यवस्थापक साहेब, शहर बससेवा, यांस सा. न. वि. वि. इस्पितळाजवळच्या थांब्यासमोर रोज रिक्षा उभ्या असतात. त्यामुळे बस भर रस्त्यात थांबते. आजारी व म्हाताऱ्या माणसांना चढता येत नाही. तरी थांब्यापुढची जागा मोकळी करावी व तशी पाटी लावावी, ही विनंती."

खाली तारीख, नाव, पत्ता आणि सही. अंगठा नव्हे, सही! अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. पोच घ्यायला विसरू नये. एकट्याच्या सहीपेक्षा वीस जणांच्या सह्या असल्या, तर साहेबाचे लक्ष लवकर जाते. अर्जाची दुसरी प्रत त्या भागातल्या नगरसेवकाला द्यावी. शहरात राहणाऱ्या आपल्या मुलालेकीलाही हे सांगावे, कारण तिथले मत त्यांचे आहे.

एखाद्या शहराची बस चांगली की वाईट, हे तिच्या रंगावरून ठरवू नये. काठी टेकत आलेली म्हातारी कोणाचा हात न धरता तिच्यात चढते का, ते पहावे. ती चढली, तर मागची रांगही चटकन आत जाते आणि गाडी वेळेवर सुटते.