उमराहची नियत आणि व्हिसाचा वायदा

रमजान लागला की नवीन जालन्यातल्या कितीतरी घरांत इफ्तार आणि तरावीहच्या मधल्या वेळात एक विषय हमखास निघतो: यंदा उमराहला कोण कोण चालले? कुणी स्टील कारखान्यातल्या पगारातून वर्षानुवर्षे बाजूला टाकलेले असतात, कुणाच्या मुलाने आखातातून पाठवलेले असतात, तर कुणा आजीने भिशीचा नंबर लागण्याची वाट पाहिलेली असते. नियत कधीच झालेली असते. मग पासपोर्टची शोधाशोध सुरू होते आणि बऱ्याच जणांचा खरा प्रवास तिथूनच अवघड होतो.

हज आणि उमराह यांतला फरक अनेकांना नेमका ठाऊक नसतो. हज वर्षातून एकदाच, जिलहिज्ज महिन्याच्या ठरलेल्या दिवसांत होते आणि ऐपत असलेल्या मुसलमानावर आयुष्यात एकदा फर्ज असते. उमराह ही त्याहून छोटी यात्रा. इहराम बांधून काबागृहाभोवती सात फेरे, सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा, त्यानंतर केस काढणे किंवा कापणे, एवढे विधी काही तासांत पुरे होतात. ती वर्षभरात केव्हाही करता येते. मात्र रमजानमधल्या उमराहचे पुण्य हजच्या तोडीचे मानले जाते. म्हणून या महिन्यात मक्केत गर्दी उसळते आणि शेवटच्या दहा दिवसांत हॉटेलांचे दर आकाशाला भिडतात.

हज फर्ज होण्यासाठी धर्मशास्त्राने एक अट घातली आहे, ती म्हणजे ‘इस्तिताअत’. तिथवर पोहोचण्याची ऐपत, असा तिचा अर्थ. जुन्या फकिहांनी या ऐपतीत खर्चाची सोय, शरीराची ताकद, मागे राहिलेल्या कुटुंबाची तरतूद आणि वाट सुरक्षित असणे, एवढ्या गोष्टी धरल्या. आजच्या काळात परवानगीचा कागदही त्यातच येतो. ज्याला व्हिसा मिळाला नाही, त्याची वाट अजून खुली झालेली नाही आणि त्याचा त्याला गुन्हाही नाही.

व्हिसा कशासाठी, किती दिवसांचा?

सौदी अरेबियाच्या व्हिशावर तो कशासाठी दिला आहे हे लिहिलेले असते. हजचा व्हिसा वेगळा, उमराहचा वेगळा, नातेवाइकांच्या भेटीचा वेगळा. सप्टेंबर २०१९ पासून सौदीने पर्यटन व्हिसाही सुरू केला. पर्यटन किंवा भेटीच्या व्हिशावर गेलेल्या माणसाला उमराह करता येते. हज मात्र हजच्या व्हिशावरच. यात सवलत नाही आणि ‘आतून सेटिंग’ही नाही.

दुसरी बाब मुदतीची. व्हिशावर दोन मुदती असतात. अमुक तारखेच्या आत देशात शिरा, ही एक; शिरल्यावर अमुक दिवसच राहा, ही दुसरी. उमराह व्हिशावरचा मुक्काम पूर्वी ३० दिवसांचा असे, तो २०२२ मध्ये ९० दिवसांचा झाला. पण हजचा हंगाम जवळ आला की हे ९० दिवस आपोआप आखडतात. २०२५ चेच उदाहरण घ्या. उमराह व्हिशावर प्रवेशाची अखेरची तारीख १३ एप्रिल होती आणि २९ एप्रिलपर्यंत सर्वांनी देश सोडायचा होता. म्हणजे रमजान ईद करून १ एप्रिलला पोहोचलेल्याच्या वाट्याला महिनाभरही आला नाही. या तारखा चांद्र पंचांगाप्रमाणे दर वर्षी सरकतात, त्यामुळे गेल्या वर्षी शेजाऱ्याला मिळालेले दिवस यंदा आपल्याला मिळतीलच असे नाही.

व्हिसा मिळाल्यावरही एक टप्पा उरतो. ‘नुसुक’ या सौदी सरकारच्या ॲपवर उमराहची वेळ घ्यावी लागते. मदिनेतल्या मशिदीत ‘रौजा’च्या जागी नमाज पढायची असेल, तर त्यासाठीही तिथेच परवाना काढावा लागतो. २०२४ च्या रमजानमध्ये तर सौदीच्या हज आणि उमराह मंत्रालयाने एका माणसाला महिन्यात एकच उमराह, असा नियम केला. हेतू हा की आधी आलेल्यांनी पुन्हा पुन्हा गर्दी करू नये आणि लांबून आलेल्याला जागा मिळावी.

‘मास्तरांची १ जून’ आणि नावाचा घोळ

आपल्या भागातल्या अर्जांत सर्वाधिक अडचण होते ती नावाची. मराठवाड्यातल्या मुसलमानांत ‘शेख अमुक शेख तमुक’ असे नाव सांगण्याची रीत आहे. पहिले स्वतःचे, दुसरे वडिलांचे आणि ‘शेख’ दोन्हींच्या पुढे. पासपोर्टच्या अर्जात मात्र दोनच रकाने असतात, नाव आणि आडनाव. मग एक भाऊ शेख आडनावात घालतो, दुसरा सगळेच नावात घालून आडनाव कोरे सोडतो आणि सख्ख्या भावांची कागदावर दोन घराणी होतात. मोहम्मद हे नाव तर कुठे पूर्ण, कुठे ‘मोहद’, कुठे नुसते ‘एमडी’ असे लिहिलेले सापडते.

याची किंमत परदेशात मोजावी लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने, ज्याच्या पासपोर्टवर एकाच शब्दाचे नाव आहे त्याला पर्यटन व भेट व्हिशावर प्रवेश नाही, असा नियम लागू केला. उमराहला दुबईमार्गे जाऊन तिथे दोन दिवस थांबण्याचा बेत करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

बायकांच्या नावाचा प्रश्न तर सगळ्या जालन्याचा आहे. माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचे रेशनकार्डावर, आधारवर कुठे ‘बी’ कुठे ‘बेगम’. शेजारच्या काकूंचेही तेच. एका कागदावर काशीबाई, दुसऱ्यावर काशिबाई, तिसऱ्यावर लग्नात बदललेले नाव. जन्मतारखेचीही तीच कथा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली १ जून ही मराठी शाळेत होती तशी उर्दू शाळेतही होती. तारीख खरी की खोटी हा वाद आता काढून उपयोग नाही. सगळ्या कागदांवर ती एकच असली पाहिजे, एवढे मात्र पाहावे.

आणखी एक साधी गोष्ट. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक असावी. अनेकांचा पासपोर्ट घरातल्या पेटीतच संपून जातो आणि ते कळते एजंटाच्या टेबलावर.

नियम आले कुठून?

आपले आजोबा-पणजोबा कुठे एवढे कागद घेऊन गेले, असे म्हटले जाते. गेले ते कागद घेऊनच. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. इथला यात्रेकरू रेल्वेने मनमाडमार्गे मुंबई गाठायचा, मुसाफिरखान्यात थांबायचा आणि जहाजाने जिद्दाला जायचा. ही जहाजे १९९५ पर्यंत चालली. हैदराबाद संस्थानातल्या यात्रेकरूंसाठी निजामाने मक्केत बांधलेल्या ‘रुबात’ची, म्हणजे धर्मशाळेची, सोय त्या संस्थानाच्या जिल्ह्यांतल्या हाजींसाठी पुढेही चालू राहिली.

१८६५ मध्ये हजच्या काळात पटकी पसरली आणि तिथून ती युरोपपर्यंत पोहोचली. दुसऱ्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. पुढे तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर हिंदुस्थानातून येणारी जहाजे थांबवून यात्रेकरूंना वेगळे ठेवले जाऊ लागले. दलाल गरीब यात्रेकरूंना लुटतात, अशी ओरड तेव्हाही होती. १८८६ मध्ये ब्रिटिश सरकारने हज प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे दिली, त्यामागे ही ओरडही होती.

नंतरचे नियमही असेच आले. १९८७ च्या हजमध्ये मेंदूज्वराची साथ पसरली आणि त्याची लस सक्तीची झाली. २००० मध्ये दुसऱ्याच प्रकारच्या जंतूची साथ आली, तेव्हा चार प्रकारांवर चालणारी लस आली. हजसाठी ही लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. उमराहला निघणाऱ्यांनी त्या वेळची सूचना पाहून घ्यावी. १९९७ मध्ये मिनात आग लागली आणि कापडी तंबूंच्या जागी न पेटणारे तंबू आले. भारतीय हाजींना पूर्वी हजपुरता वेगळा पासपोर्ट मिळे. २००९ पासून सौदीने आंतरराष्ट्रीय पासपोर्टच मागितला आणि गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला.

काही नियम सैलही झाले. ४५ वर्षांवरील महिलांना मेहरमशिवाय, म्हणजे पती, मुलगा, भाऊ असा जवळचा पुरुष सोबत नसताना, गटाने हजला जाण्याची मुभा भारताच्या हज धोरणात २०१८ पासून आली. २०२३ मध्ये अशा चार हजारांहून अधिक महिला गेल्या. उमराहसाठी मेहरमची अट नाही, असे सौदीच्या हज मंत्र्यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केले. ज्या विधवेला मुलगा नाही, तिच्यासाठी याचा अर्थ किती मोठा आहे हे वेगळे सांगायला नको.

यात्रा कोणत्याही धर्माची असो, सीमेपलीकडे गेली की कागद येतोच. कैलास-मानसरोवरला जाणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाकडे अर्ज, सोडत, वैद्यकीय तपासणी आणि चीनचा व्हिसा यांतून जावे लागते. २०२० पासून थांबलेली ती यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तीही दोन सरकारांची बोलणी झाल्यावरच. करतारपूरची मार्गिका २०१९ मध्ये खुली झाली तेव्हा व्हिसा नको होता, तरी पासपोर्ट आणि आगाऊ नोंदणी लागत होतीच.

परवान्याविना गेलेल्यांचे काय झाले?

२०२४ च्या हजमध्ये मक्केचे तापमान ५१ अंशांच्या वर गेले. सौदी सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार १,३०१ यात्रेकरू मरण पावले आणि त्यांतले ८३ टक्के हजचा परवाना नसलेले होते. परवाना नसलेल्या माणसाला तंबू नसतो, वातानुकूलित बस नसते. उन्हात मैलोन्मैल पायी चालावे लागते आणि पकडले जाण्याच्या भीतीने दवाखान्यात जाण्यासही तो कचरतो. त्यांतले कितीतरी जण भेटीच्या व्हिशावर आलेले होते. ‘तिथे गेल्यावर बघू’ असे त्यांना कुणीतरी सांगितले होते.

आता शिक्षाही कडक आहे. परवान्याविना हज करणाऱ्याला २०२५ मध्ये २०,००० रियालपर्यंत दंड होता. मुदतीपेक्षा जास्त राहून हजला गेलेल्या परदेशी माणसाला परत पाठवून दहा वर्षे प्रवेशबंदी होती.

दुसरे नुकसान नियम पाळणाऱ्यांचे झाले. २०२५ मध्ये भारताचा कोटा १,७५,०२५ होता. त्यांतल्या ५२,५०७ जागा खासगी टूर चालकांकडे होत्या. मिनातल्या जागा, निवास आणि वाहतुकीचे करार सौदीने दिलेल्या मुदतीत पुरे झाले नाहीत. भारत सरकारने मध्यस्थी केल्यावर त्यांतल्या केवळ १०,००० जणांसाठी वाट पुन्हा उघडली. बाकीच्यांनी पैसे भरले होते, सुटकेसही भरल्या होत्या. ते घरीच राहिले.

पैसे देण्याआधी

म्हणून उमराहला निघणाऱ्याने आणि त्याहीपेक्षा त्याच्या शिकलेल्या मुलामुलींनी काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. पैशांची पावती यात्रेकरूच्या नावाने घ्यावी आणि शक्यतो बँकेतून द्यावेत. विमानाच्या तिकिटाचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. व्हिसा हाती आल्यावर नाव, पासपोर्ट क्रमांक, व्हिशाचा प्रकार आणि दोन्ही मुदती वाचाव्यात. अरबी येत नसेल तर मोहल्ल्यातल्या मौलानांकडून वाचून घ्याव्यात. ‘हरमसमोर हॉटेल’ म्हणजे किती मीटर, हे लिहून मागावे. रोजच्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. आणि सामानात खसखस अजिबात नको. आपल्याकडे ती मसाल्यात पडते, सौदीत आणि दुबईत तिच्यावर बंदी आहे.

आपल्याकडे हज-उमराहला निघणारा माणूस आधी घरोघरी जाऊन ‘कहा-सुना माफ करना’ म्हणतो. देणे असेल ते फेडतो, कुणाची अमानत असेल ती परत करतो. स्टेशनवर हार घालायला आलेल्यांत शेजारचे कुलकर्णी, जाधव, अग्रवालही असतात आणि आमच्यासाठीही दुआ करा, असे सांगतात. माणसांचा हिशेब चुकता करून देवाच्या दारी जायचे, ही त्यामागची समज.

व्हिसाही त्याच हिशेबात बसतो. मी अमुक कामासाठी येईन, अमुक दिवस राहीन आणि परत जाईन, असा तो एका देशाला दिलेला वायदा आहे. वायदा पाळण्याची इस्लामने जितकी ताकीद दिली आहे, तितकी फार थोड्या गोष्टींची दिली असेल. सौदीतल्या ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने एप्रिल २०२४ मध्ये, परवान्याविना हज करणे शरीयतला मान्य नाही आणि तसे करणारा पापाचा धनी होतो, असे स्पष्ट सांगितले. खोट्या कारणाच्या व्हिशावर पोहोचलेला माणूस काबागृहासमोर हात उचलतो, तेव्हा त्याच्या दुआच्या आधी एक मोडलेला शब्द तिथे पोहोचलेला असतो. रोजा ठेवणारा कुणी पाहत नसतानाही पाण्याचा घोट घेत नाही. व्हिशाच्या बाबतीतही त्याने तितकेच प्रामाणिक राहावे.