क्लब कुणाचा, तिकीट कितीला?

जर्मन फुटबॉलमध्ये १९९८ पासून ‘५० अधिक १’ हा नियम आहे. गुंतवणूकदाराने कितीही पैसा ओतला, तरी निम्म्याहून एक मत जास्त सभासदांच्याच हाती. लाइपझिग क्लबने मोजकेच मतदार सभासद ठेवून याला बगल दिली, असं टीकाकार म्हणतात. मला ते पटतं. पण जिथे सभासदांचं मत चालतं, त्या डॉर्टमुंड क्लबच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे २५,००० जण उभ्याने, स्वस्तात सामना पाहतात, ते उगाच नव्हे.

इंग्लंडच्या बड्या क्लबांत पाठीराख्यांना मत नाही. उरतो तो बहिष्कार. फेब्रुवारी २०१६ मध्ये ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध लिव्हरपूलचे हजारो प्रेक्षक ७७व्या मिनिटाला उठून चालते झाले. संघ तेव्हा २-० पुढे होता. सामना सुटला २-२ बरोबरीत! चार दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली.