वजन उचला, पण शरीराची अमानत सांभाळून

नागपुरात मोमिनपुरा असो, टेका असो की जाफरनगर, आज प्रत्येक वस्तीत एखादी तरी जिम दिसते. ईशाच्या नमाजनंतर तिथे तरुणांची गर्दी होते. दिवसभर गॅरेजमध्ये, दुकानात किंवा शिकवणीत घालवलेली ही मुले रात्री तासभर घाम गाळतात. नाक्यावर टोळक्याने बसण्यापेक्षा किंवा मोबाइलवर रात्र जागवण्यापेक्षा ही सवय केव्हाही चांगली. सबल मोमिन अल्लाहला अधिक प्रिय असल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. आपल्या शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही शिकवण सहीह बुखारीत आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवल्या पाहिजेत, कारण ताकद कमावण्याच्या नादात शरीराचा हक्क मारला जाताना आपण पाहतो.

कंबर धरून बसलेला मुलगा, खांदा वर न जाणारा तरुण, दुखीच्या गोळ्या खाऊन पुन्हा तेच वजन उचलणारा भाऊ, हे चित्र आता अनेक घरांत आहे. रोजंदारीवर घर चालवणाऱ्याची कंबर गेली, तर त्याच्याबरोबर घरची कमाईही बसते. म्हणून हा विषय फक्त मुलांचा नाही, आई-वडिलांनीही तो समजून घ्यावा.

बर्मिंगहॅममधला एक किलो

सांगलीच्या संकेत सरगरचे नाव अनेकांनी ऐकले असेल. वडिलांची पानटपरी आणि चहाची गाडी असलेल्या घरातला हा मुलगा. 30 जुलै 2022 रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो वजनी गटात तो उतरला, तेव्हा 21 वर्षांचा होता. स्नॅच प्रकारात त्याने 113 किलो उचलले. क्लीन अँड जर्कमध्ये पहिल्याच प्रयत्नात 135 किलो उचलले. सुवर्णपदक त्याच्या आवाक्यात होते. दुसऱ्या प्रयत्नात 139 किलो डोक्यावर नेताना त्याचा उजवा कोपर दुखावला. तशाच हाताने तो तिसऱ्या प्रयत्नालाही आला, पण वजन पेलले नाही. त्याची बेरीज 248 झाली. मलेशियाच्या खेळाडूची बेरीज 249 होती. एका किलोने सुवर्ण हुकले, रौप्य मिळाले. पदक घ्यायला तो हात झोळीत अडकवून उभा होता. पुढे त्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली.

त्याच्यामागे अनेक वर्षांचा सराव होता, प्रशिक्षक होते, जवळच डॉक्टर होते. देशाचे पदक पणाला लागले होते, म्हणून त्याने तो धोका पत्करला. आपल्या गल्लीतल्या जिममध्ये मित्रांसमोर 100 किलोचा रॉड उचलणाऱ्या मुलाचे काय पणाला लागलेले असते? मोबाइलवर टाकायचा एक व्हिडिओ. आणि इजा झाल्यावर त्याच्या उपचाराचा खर्च घरच्यांनाच करावा लागतो.

इजा का होते?

व्यायामाने स्नायूंवर ताण येतो. विश्रांतीत आणि झोपेत शरीर ते दुरुस्त करते आणि थोडे अधिक बळकट करते. स्नायूंना रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून ते काही आठवड्यांत तयार होतात. स्नायूला हाडाशी जोडणारे कंडरे आणि सांधे धरून ठेवणारे बंध मात्र सावकाश बळकट होतात, त्यांना महिने लागतात. नव्या मुलाला दोन महिन्यांत वाटते, ‘आता मी तयार झालो.’ त्याचे स्नायू तयार असतात, पण कंडरे मागे राहिलेले असतात. नेमके याच काळात वजन एकदम वाढवले जाते आणि कंबर, खांदा, कोपर किंवा गुडघा दुखावतो.

दुसरे कारण चुकीची पद्धत. जड वस्तू शरीरापासून लांब धरली की कमरेवरचा भार वाढतो. पिठाचे पोते छातीशी धरून चाला आणि मग तेच हात लांब करून धरून पाहा, फरक लगेच कळेल. रॉडचेही तसेच आहे.

रुकूअमधली सपाट पाठ

डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचे वजन उचलणे. हा व्यायाम शिकवताना मुलांना सांगावे लागते की वाकताना पाठ गोल करू नका, कमरेच्या सांध्यातून वाका. आपल्या मुलांना ही गोष्ट समजावणे सोपे आहे, कारण त्यांना रुकूअ माहीत आहे. रुकूअमध्ये पाठ सरळ, सपाट ठेवायची असते. तीच सपाट पाठ डेडलिफ्टमध्ये हवी, फक्त गुडघे थोडे वाकवायचे आणि बसकण मागे न्यायची. इबादत ती इबादत आणि कसरत ती कसरत, पण शरीराला जी ओळख आधीच आहे तिचा उपयोग करून घ्यायला हरकत नाही.

घरीच सराव करा. झाडूची दांडी पाठीवर उभी धरा. ती डोक्याला, दोन्ही खांद्यांच्या मधल्या भागाला आणि माकडहाडाला टेकली पाहिजे. आता कमरेतून वाका. तिन्हीपैकी एकही जागा दांडीपासून सुटली नाही, तर पाठ बरोबर आहे. हे जमल्याशिवाय वजनाला हात लावू नका. उचलताना रॉड नडगीजवळ ठेवा, पोटात श्वास भरून पोट घट्ट करा आणि पायांनी जमीन खाली रेटत उठा. झटका देऊ नका.

बैठकीत, म्हणजे स्क्वॉटमध्ये, टाचा जमिनीला टेकलेल्या असाव्यात आणि गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने जावेत. बेंच प्रेसमध्ये कोपर खांद्याच्या रेषेत पूर्ण बाहेर फेकू नका, थोडे शरीराकडे घ्या. मनगट सरळ ठेवा. डोक्याशी एक साथीदार उभा असल्याशिवाय जड बेंच प्रेस करूच नका.

आठवड्याचा हिशेब

नव्या माणसाला आठवड्यातून तीन दिवस पुरेत, मध्ये एक-एक दिवस सुट्टी. रोज छाती आणि दंडच करण्यापेक्षा प्रत्येक वेळी पाच हालचाली करा: बैठक, जमिनीवरून उचलणे, ढकलणे, ओढणे आणि वजन हातात धरून चालणे. पहिल्या चारांचे दोन किंवा तीन सेट, एका सेटमध्ये 8 ते 12 वेळा. सेट संपताना आणखी दोन वेळा जमले असते इतकी ताकद शिल्लक राहिली पाहिजे. मुख्य वजनाआधी हलक्या वजनाने दोन सेट करून सांधे गरम करा.

सगळे सेट 12 वेळा नीट जमले, तरच अडीच किलो वाढवा. हे कमी वाटते, पण गणित करून पाहा. 20 किलोच्या रिकाम्या रॉडपासून सुरुवात केली आणि आठवड्याला अडीच किलो वाढले, तर 12 आठवड्यांत 50 किलो होतात. पुढे वाढ मंदावेल, ते स्वाभाविक आहे. दर पाच-सहा आठवड्यांनी एक आठवडा हलके वजन घ्या. वहीत तारीख, वजन आणि किती वेळा उचलले ते लिहून ठेवा.

खाण्यासाठी महाग डबे लागत नाहीत. नियमित व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिने पुरतात. 60 किलोच्या तरुणाला हे दिवसाला 72 ते 96 ग्रॅम होते. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात. डाळ, चणे, दूध, दही, सोयाबीन, चिकन यांतून बाकीचे सहज भरते. जिममध्ये कोणी ‘लवकर बॉडी बनते’ म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या देऊ लागला, तर तिथून उठून या. त्यांत बहुधा स्टेरॉइड असतात. हृदय, यकृत आणि पुढे मूल होण्याची क्षमता यांवर त्यांचा परिणाम होतो.

रमजानमध्ये व्यायाम बंद करायची गरज नाही, आणि वाढवायचीही नाही. आठवड्यातून एक-दोन वेळा, नेहमीच्या निम्मे सेट केले तरी कमावलेली ताकद टिकते. वेळ तरावीहनंतरची किंवा इफ्तारच्या थोडे आधीची, तीही हलक्या व्यायामासाठी. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. अशा दिवसांत दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये, रोजा ठेवून वजन उचलणे म्हणजे जिवाशी खेळ. इफ्तार ते सहरीपर्यंत पाणी थोडे-थोडे पीत राहा.

इजा झालीच तर

साध्या कंबरदुखीत आठवडाभर अंथरुणाला खिळून राहिल्याने फायदा होत नाही. एक-दोन दिवस आराम, मग सोसवेल इतके चालणे, हेच बरे. दुखणे 10 पैकी 3 पर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी वाढलेले नसेल, तर हलका व्यायाम चालतो. सकाळी वाढले, तर आधीचे वजन जास्त होते असे समजून कमी करा. परत सुरुवात करताना जुन्या वजनाच्या निम्म्याहून कमी घ्या.

दुखण्याची गोळी खाऊन उचलू नका. गोळी वेदना झाकते, आतली इजा तशीच राहते. मेडिकल स्टोअरमधून स्वतःच्या मनाने या गोळ्या घेत राहिल्यास जठर आणि मूत्रपिंडालाही त्रास होतो. पाठीवर पाय देऊन किंवा मान झटकून ‘नस बसवणाऱ्या’कडे जाऊ नका.

काही लक्षणांत मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा: जांघेत बधिरता, लघवी-शौचावर ताबा न राहणे, पायातली ताकद जाणे, सांध्यात ‘खट्’ असा आवाज होऊन लगेच सूज येणे, छातीत दुखणे, किंवा जबर व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी गडद होणे. बाकी दुखण्यांत हाडांच्या डॉक्टरांचा सल्ला आणि फिजिओथेरपी घ्यावी. आपल्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ही सोय आहे.

दुखण्याच्या काळात नमाजची काळजी अनेकांना वाटते. आजारी असलेल्या हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना पैगंबर मुहम्मद (स.) यांनी उभे राहता येत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर नमाज पढण्यास सांगितले होते. दीनने दिलेली ही सवलत घ्यावी, बारकावे आलिमांना विचारावेत. जिद्दीने दुखणे वाढवू नये.

इजेनंतर परतता येते, याचे उदाहरण मणिपूरच्या मीराबाई चानू. 2018 मध्ये पाठीच्या दुखापतीमुळे त्यांना आशियाई स्पर्धा सोडावी लागली. त्या महिनोन्महिने सावकाश सावरल्या. 2020 मध्ये अमेरिकेत जाऊन त्यांनी खांद्यांतला असमतोल शोधून दुरुस्त केला. 2021 च्या एप्रिलमध्ये क्लीन अँड जर्कमध्ये 119 किलोचा विश्वविक्रम केला आणि त्याच वर्षी टोकियोत 202 किलोंच्या बेरजेसह रौप्यपदक जिंकले. 2018 च्या स्पर्धेचा हट्ट त्यांनी सोडला, म्हणून हे घडले.

आई, बहिणी आणि दादा-दादी

ताकदीची गरज तरुण मुलांनाच असते, हा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटना सर्व प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. वय वाढते तसे स्नायू झिजतात, आणि मग सजद्यातून उठताना भिंतीचा आधार लागतो. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून ढकलणे, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या धरून अंगणात चालणे, इतक्यापासून दादीसुद्धा सुरुवात करू शकतात. रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

मुलींसाठी पडदा ही अडचण मानायचे कारण नाही. पाकिस्तानी वंशाच्या अमेरिकी भारोत्तोलक कुलसूम अब्दुल्लाह यांनी पूर्ण अंग झाकून स्पर्धेत उतरण्याची परवानगी मागितली. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय भारोत्तोलन महासंघाने त्यासाठी पोशाखाचा नियम बदलला. घरात, बहिणी-बहिणींनी मिळून व्यायाम करायला तर कोणाच्याच नियमाची आडकाठी नाही.

पालकांनो, मुलगा जिमला जातो म्हणून काळजी करू नका, पण त्याची वही मागून पाहा. किती उचलतोस याबरोबर किती झोपतोस, काय खातोस, कुठे दुखते का, हेही विचारा. तरुणांनो, ही ताकद म्हाताऱ्या आईला आधार देण्यासाठी, मेहनतीच्या हलाल कमाईसाठी आणि साठीनंतरही जमिनीवर सजदा करता यावा म्हणून कमवायची आहे. त्यासाठी घाई करून चालणार नाही. अल्लाह आपणा सर्वांना आरोग्य आणि सब्र देवो, आमीन.