नागपूरच्या उन्हात चिपची खरी तुलना

23 मे 2013 रोजी नागपूरचा पारा 47.9 अंशांवर पोचला होता. हे तापमान सावलीतलं. गच्चीवरच्या बंद डब्यातली हवा त्याहून तापते. अशा डब्यातल्या उपकरणाची वीज सांभाळणाऱ्या पॉवर मॅनेजमेंट चिपची तुलना मात्र बहुतेकदा 25 अंशांवर मोजलेल्या कार्यक्षमतेवरून होते, आणि विदर्भात नेमकी तीच फसवते. 5 व्होल्टचे 3.3 व्होल्ट करायचे आहेत आणि प्रवाह 1 अँपिअर आहे, असं समजू. साधा लिनिअर रेग्युलेटर वरचे 1.7 व्होल्ट निव्वळ उष्णतेत घालवतो, म्हणजे 1.7 वॅट. दर वॅटमागे चिप 50 अंशांनी तापते असं धरलं, तर ती 85 अंशांनी चढेल. 25 अंशांच्या प्रयोगशाळेत ती 110 वर थांबते. 45 अंशांच्या नागपुरात 130 वर जाते आणि 125 ची नेहमीची मर्यादा ओलांडते. 90 टक्के कार्यक्षमतेच्या स्विचिंग रेग्युलेटरमध्ये तोटा 0.37 वॅटच, म्हणून ती चिप 64 च्या आसपास राहते.

चिप फार तापली की आपोआप बंद होते, मग काळजी कशाला, असं कुणी विचारेल. ही सोय रुजवण्यात चिप-रचनाकार बॉब विडलरचा मोठा वाटा आहे. त्याच्या एलएम 109 या रेग्युलेटर चिपमध्ये तापमान ओळखून स्वतःला आवरणारं सर्किट वीज सांभाळणाऱ्या ट्रान्झिस्टरच्याच सिलिकॉनवर होतं, आणि म्हणूनच ते वेळेत जागं व्हायचं. केवढी सुंदर कल्पना! प्रोसेसरच्या कौतुकात या माणसाचं नाव फार क्वचित येतं. पण ही सोय चिप वाचवते, काम वाचवत नाही. भर दुपारी उपकरण बंद पडायचं ते पडतंच.

मग सरसकट स्विचिंग चिपच घ्यावी का? तसंही नाही. शेतातला ओलावा मोजणारा सेन्सर दिवसातला बहुतेक वेळ झोपलेला असतो. तिथे तापण्याचा प्रश्नच नाही; चिप स्वतः किती प्रवाह खाते एवढंच महत्त्वाचं. 100 मायक्रोअँपिअर खाणारी चिप 2000 मिलीअँपिअर-तासांची बॅटरी एकटीच सव्वादोन वर्षांत संपवेल, 1 मायक्रोअँपिअरवाली तिला जवळपास हातही लावणार नाही. मोबाइलच्या चार्जिंग चिपचं मोजमाप आणखी निराळं. लिथियम-आयन बॅटरी 45 अंशांच्या वर गेली की या चिपा सहसा चार्जिंग मंदावतात किंवा थांबवतात, आणि ऐन उन्हाळ्यातल्या नवतप्यात नागपूरची हवाच त्या आकड्याला टेकलेली असते. तेव्हा जलद चार्जिंगच्या जाहिरातीत वॅटचा आकडा कितीही मोठा असो, इथे विचारायचं ते एवढंच: 40 अंशांच्या खोलीत तो किती मिनिटं टिकतो?